नथूदादांना विचारा

खारवली हे वसईच्या खाडीकाठचं भातशेतीचं गाव. गावाची शेतं आणि खाडीचं खारं पाणी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधाच्या पोटात एक लोखंडी झडप. तिला गावात उघाडी म्हणत. ओहोटीला झडप वर उचलायची, शेतात साठलेलं जादा पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती लागली की ती खाली टाकायची, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. काम एवढंच. पण ती कधी उचलायची आणि किती वेळ उघडी ठेवायची, यावरून गावात जितकी भांडणं झाली तितकी लग्नातल्या मानपानावरूनही झाली नसतील. बांधालगतची शेतं खोलगट, तिथे पाणी तुंबायचं. गावाकडची शेतं उंच, तिथलं पाणी बघता बघता निघून जायचं. खालच्यांना झडप उघडी हवी, वरच्यांना बंद. म्हणून पावसाळाभर दर काही दिवसांनी मारुतीच्या देवळापुढे सगळे शेतकरी जमायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि शेवटी कंटाळून काहीतरी ठरवून उठायचे.

नथूची शेतं वरची. पण या सभांमध्ये तो फारसा बोलायचा नाही. खांबाला टेकून बसायचा, तंबाखू मळायचा, आणि सभा उठली की सगळ्यांच्या मागून घरी जायचा. त्याची बायको बायजा विचारायची, "काय ठरलं?" तो म्हणायचा, "ठरलं कायतरी."

९३ सालच्या ऑगस्टात मात्र वेगळं झालं. चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती, त्यात अमावास्येची मोठी भरती. सकाळीच सभा बसली. खालचे म्हणाले, ओहोटी लागताक्षणी उघाडी उघडा. वरचे म्हणाले, मागच्या खेपेला उघडलीत आणि आमच्या शेतात भेगा पडल्या, त्याचं काय ते आधी बोला. मग मागच्या खेपेचं निघालं, त्याच्या मागच्या खेपेचं निघालं, कुणाच्या तरी आज्याने कुणाच्या तरी आज्याला काय म्हटलं होतं तेही निघालं. तेवढ्यात एक बाई धावत सांगत आली की बांध एका जागी पाझरायला लागलाय. तरी सभा काही उठेना. कोण म्हणे, आधी बांधावर चला, कोण म्हणे, आधी ठराव करा.

नथू उठला. कुणाला काही न बोलता बांधावर गेला, पाणी उतरायला लागलेलं पाहिलं, आणि उघाडीचं चाक फिरवून झडप पूर्ण वर उचलली. मग पाझरत्या जागी माती टाकायला लागला. त्याला एकट्याला बघून दोघे आले, मग दहा आले. दुपारपर्यंत बांध वाचला, शेतंही वाचली.

पुढच्या सभेत कुणीतरी म्हणालं, "रोज उठून हा गोंधळ कशाला? नथूदादा बघतील ना." आणि खारवलीत पहिल्यांदाच एखादी गोष्ट भांडणाशिवाय ठरली. उघाडीच्या चाकाला साखळी होती, साखळीला कुलूप होतं, कारण रात्री-अपरात्री मासे धरायला कुणी झडप उचलू नये. त्या कुलपाची चावी आजवर देवळात खुंटीला टांगलेली असायची. ती नथूच्या हातात दिली गेली. त्याने ती कमरेच्या करगोट्याला बांधली.

"संभाळा हां," बायजा म्हणाली. "पान्यात पडंल."

"नाय पडत," नथू म्हणाला. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

खरं सांगायचं तर नथूने काम चोख केलं. वरची शेतं स्वतःची असूनही त्याने कधी खालच्यांवर अन्याय होऊ दिला नाही. पहाटे उठून बांधावर जायचं, दोन्हीकडच्या शेतांतून चक्कर मारायची, भरती-ओहोटीचा अंदाज घ्यायचा आणि ठरवायचं. पिकं बरी येऊ लागली. सभा हळूहळू कमी झाल्या, मग पावसाळ्यात एकच होऊ लागली, मग तीही राहिली. गावातली तरणी माणसं एव्हाना वसईच्या कारखान्यांत लागली होती. पाळ्या करून आलेल्या माणसाला देवळापुढे तीन तास बसायचा उत्साह कुठून असणार? घरी आल्यावर पाणी किती आहे ते नथूदादा बघतात, हेच त्यांना बरं वाटायचं.

मग एकेक गोष्ट आपसूक नथूकडे येत गेली. उघाडीच्या तोंडाशी जाळं कुणी लावायचं, हे पूर्वी पाळीने ठरायचं. आता नथूदादांना विचारा. बांधाला माती घालायला दर घरातून एक माणूस यायचा. आता येणार कोण, नथूदादा यंत्र मागवतात. बांधाला दगड बसवायचे म्हणून सरकारी कचेरीत अर्ज केला, तर तिथला माणूस म्हणाला, "वीस जण येऊन वीस गोष्टी सांगू नका. जबाबदार असा एक माणूस सांगा." एकच नाव होतं. दगड मंजूर झाले. मग स्मशानाची वाट, नवरात्रातला मंडप, कुणाच्या गोठ्याचं सांडपाणी, हेही नथूकडे आलं. पंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार पूर्वी घरोघर फिरायचे. आता ते थेट नथूच्या ओटीवर यायचे, चहा घ्यायचे आणि निघून जायचे. नथूदादांना भेटलं की गाव भेटलं.

यात कुणी कुणाकडून काही हिसकावून घेतलं नव्हतं. जे आलं ते लोकांनी आनंदाने आणून दिलं होतं. आणि नथूला ते आवडत होतं. ज्या माणसाला साठ वर्षांत कुणी मत विचारलं नव्हतं, त्याच्या ओटीवर आता सकाळी चार जण बसलेले असायचे. बायजा चहा करून करून वैतागायची.

"पूर्वी देवलाकडं ओरडायचे, तेच बरं होतं," ती म्हणायची. "साखर तरी वाचायची."

अशी सहा वर्षं सुखात गेली.

९९ च्या ऑगस्टात नथूच्या लेकीने, रचनाने, विरारला नवा फ्लॅट घेतला. जावई जितेंद्र मुंबईत बँकेत होता. सत्यनारायणाच्या पूजेला नथू आणि बायजा दोघं गेली. पावसाने उघडीप दिली होती, शेतांत लावणी होऊन रोपं उभी राहिली होती, काळजीचं काही नव्हतं. म्हशीसाठी बायजा दुसऱ्या दिवशी परतली. नथूला लेकीने सोडलं नाही. "बाबा, सहा वर्षांत एक रात्र तरी कुठे राहिलात का?" ती म्हणाली. तो राहिला. करगोट्याला चावी होतीच. ती काढून ठेवायची असते, हे त्याच्या मनातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी जितेंद्रच्या सोसायटीची वार्षिक सभा होती. "चला बाबा, गंमत बघायला," जितेंद्र म्हणाला. गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर पाऊस सुरू झाला होता. इमारतीत साठेक घरं, पण खुर्च्यांवर माणसं नऊ-दहाच. अध्यक्ष दिनानाथ सावंत, पांढऱ्या शर्टातले निवृत्त गृहस्थ, हसतमुख. त्यांनी भराभर वाचलं. पाण्याच्या टाकीचं काम, रंगाचं काम, टँकर कुणाकडून घ्यायचा, वॉचमन कुणाला ठेवायचं. प्रत्येक विषयाच्या शेवटी एकच वाक्य यायचं, "याबाबतचे सर्व अधिकार अध्यक्षांना देण्यात येत आहेत." मंजूर? मंजूर. एक गृहस्थ काहीतरी विचारायला उठले, तर मागून कुणी म्हणालं, "अहो, सावंतसाहेब बघतील. बसा." ते बसले. दहा मिनिटांत सभा संपली आणि समोसे आले.

"झालं?" नथूने विचारलं.

"झालं की. चांगला माणूस आहे हो, सगळं करतो. आपल्याला डोक्याला ताप नाही."

"आनि तो नसला तर?"

जितेंद्र हसला. "कुठे जातोय तो? तीन वर्षं गावीसुद्धा गेला नाही बिचारा."

नथूने समोसा हातातच धरला होता. सावंतसाहेब समोरच उभे होते. चार जण त्यांच्याभोवती, प्रत्येकाचं काही ना काही गाऱ्हाणं, आणि ते प्रत्येकाला म्हणत होते, बघतो, बघतो. दमलेले दिसत होते, आणि खूशही दिसत होते. नथूला ते खूश दिसणं चांगलंच ओळखीचं वाटलं. का कोण जाणे, त्याला समोसा गोड लागेना.

रात्रभर पाऊस कोसळला. दुसरा दिवसही तसाच. नथूला राहून राहून वाटत होतं की निघावं, पण रस्त्यात पाणी भरलं होतं, जितेंद्र जाऊ देईना. आणि गावात पन्नास घरं आहेत, जाणती माणसं आहेत, करतील की कायतरी, असंही मनात येत होतं. गावच्या दुकानातल्या फोनवर जितेंद्रने दोनदा लावून पाहिलं, लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडूनच फोन आला. हरेशचा. हरेश कारखान्यात कामाला, पण खालची दीड एकर शेती नेमाने करणारा.

"नथूदादा, पानी लय भरलंय. खालची सगली शेतं बुडाली. काय करू?"

"अरे, काय करू म्हनजे? ओहोटीला उघाडी उघडली नाय?"

"कुलूप हाय ना."

"मग तोड की!"

हरेश म्हणाला, "तुमच्या कुलपाला हात कसा लावायचा, दादा?"

नथू तसाच निघाला. रिक्षा, मग दुसरी रिक्षा, मग शेवटचा पट्टा गुडघाभर पाण्यातून चालत. दुपारी बांधावर पोचला तेव्हा ओहोटी चालू होती. बांधावर वीस-पंचवीस माणसं छत्र्या घेऊन उभी होती. कुलपापासून हातभर अंतरावर पहार पडलेली होती. कुणीतरी आणली होती आणि तिथेच टाकली होती. त्याने कुलूप काढलं, चाक फिरवलं, पाणी धो धो खाडीत पडायला लागलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"आले नथूदादा! आता काय काळजी नाय."

दोन दिवस पाण्याखाली राहिलेली रोपं पिवळी पडली होती. हरेशच्या शेतात खालच्या अंगाला तर नुसता कुजका वास. मीराकाकूंचं एकच शेत, तेही खालचं, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. त्याही बांधावरून बघत होत्या. नथू वाट बघत होता, कुणीतरी आपल्याला शिव्या घालील. कुणीतरी म्हणेल, चावी घेऊन लेकीकडे बसलात, लाज नाही वाटली? कुणी म्हणालं नाही. हरेश चिखलातून त्याच्याजवळ आला आणि उलट समजूत घालायला लागला. "तुमी नव्हता ना दादा, त्याला तुमी तरी काय करनार."

घरी बायजाने पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि मग तिचा बांध फुटला. "मी पयल्या दिवशीच सांगितलं, तोडा कुलूप म्हनून. पहार मीच नेली. पन्नास मानसं, एकाचा हात नाय पुढं झाला. मला म्हनतात, काकू, दादांना विचारून घेऊ. मी काय परक्या घरची हाय?"

"तू का नाय तोडलं?"

बायजाने रिकामं भांडं उचललं. मग म्हणाली, "मलाबी वाटलं, तुमी रागवाल."

हे मात्र नथूला लागलं. आयुष्यात तो बायजावर कुलपासारख्या वस्तूवरून कधी रागावला नव्हता. मग तिला असं का वाटावं? जेवून तो ओटीवर बसला. ९३ साली तो उठून बांधावर गेला होता तेव्हा त्याने कुणाला विचारलं नव्हतं. आता त्याच गावात विचारल्याशिवाय कुणी उठत नव्हतं, आणि हे त्यानेच, एकेक बरं काम करत करत, घडवून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सभा बोलावली. पाच जण आले. त्यातले दोघे त्याच्या शेजारचे, एकजण वाट चुकल्यासारखा. नथूने सांगितलं, चावी परत घ्या, पूर्वीसारखं सगळ्यांनी ठरवा. पाचही जण हसले. "काय दादा, मनाला लावून घेता? तुमीच बघा. हवं तर दुसरी चावी करून हरेशकडं ठेवा." आणि उठून गेले.

लोकांकडे लावणीतून उरलेली रोपं होती ती नथूने स्वतः फिरून गोळा केली. वरच्या-खालच्या दोघांनीही दिली, आणि चार दिवस अर्धं गाव हरेशच्या आणि मीराकाकूंच्या शेतात वाकलेलं होतं. तेव्हा चिखलात उभं राहून नथूने जरा निवांत विचार केला. कामाला बोलावलं तर माणसं येतात. सभेला बोलावलं तर येत नाहीत, कारण सभेत त्यांच्यावाचून काही अडत नाही.

तर मग अडवायचं.

ऑक्टोबराच्या मध्याला पुन्हा पाण्याचा प्रश्न आला. खालच्यांनी लवकर पिकणारं भात लावलं होतं, त्यांना शेत कोरडं हवं होतं. वरच्यांचं भात दाणे भरण्याला आलं होतं, त्यांना पाणी अजून हवं होतं. दोघेही नथूच्या ओटीवर आले. नथू म्हणाला, "मी चाकाला हात लावनार नाय. देवलाकडं बसा, ठरवा, मग फिरवतो."

"दादा, चेष्टा करू नका."

"चेष्टा नाय."

दोन दिवस तो खरंच बांधावर गेला नाही. ओटीवर भाताचे भारे बांधायच्या दोऱ्या वळत बसला. बायजाने त्या दोन दिवसांत एकालाही चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र माणसं चिडली. हरेश रात्रपाळी करून थेट आला होता, डोळे लाल. तो देवळापुढून ओरडला, "नथूदादा! गाव काय तुमच्या मर्जीवर चालनार हाय का? बाहेर या!"

नथू ओटीवरून उठला तो जवळजवळ धावतच निघाला. सहा वर्षांत कुणी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता. त्याला इतकं बरं वाटलं की सदरा घालायचाही राहिला.

देवळापुढे सगळं गाव होतं. बायाही होत्या, पूर्वी सभेला बाया यायच्या नाहीत. मीराकाकू कडेला उभ्या होत्या, त्यांना नथूने पुढे बसवलं. "शेत तुमच्या नावावर हाय, काकू. बोला." त्या बोलल्या, आणि थांबेनात. मग सगळेच बोलले. खालचे म्हणाले, आमचं एकदा बुडालं, आता कापणीला आलेलं चिखलात नको. वरचे म्हणाले, पाणी सोडलंत तर आमचे दाणे पोचट राहतील. मागच्या खेपेचं निघालं. कुणाचा तरी आजाही निघाला. नथूने स्वतः उभं राहून वरच्यांची बाजू मांडली. चार दिवस थांबा म्हणाला, आणि का ते नीट समजावून सांगितलं. त्याला मनापासून वाटत होतं की तो सांगतोय तेच बरोबर आहे.

"हात वर करा," हरेश म्हणाला.

हात वर झाले. पाणी सोडायच्या बाजूने जास्त होते. नथूने मोजायच्या आधीच ते दिसत होतं, आणि त्यात बायजाचाही हात होता.

"तू?" तो म्हणाला. "शेत आपलं वरचं हाय ना गं?"

"हाय. पन मीराकाकूंचं ऐकलं मी. मला पटलं."

पुढे ठरलं की चाव्या तीन करायच्या: एक खालच्यांपैकी कुणाकडे, एक वरच्यांपैकी कुणाकडे, एक मीराकाकूंकडे. दरवर्षी माणसं बदलायची. आणि पाणी चढलं आणि कुणीच जागेवर नसलं, तर ज्याच्या हाती पहार असेल त्याने कुलूप तोडायचं, कुणाला विचारायचं नाही. हे शेवटचं बायजाने सांगितलं आणि त्यावर कुणी हातही मोजले नाहीत.

नथू बांधावर गेला. त्याच्या मताविरुद्ध, त्याच्याच शेतातलं पाणी सोडायला, त्याने स्वतः चाक फिरवलं. पाठीमागे गाव उभं होतं. पाणी सुटलं. त्याने करगोट्याची चावी सोडून मीराकाकूंच्या हातावर ठेवली आणि घरी येऊन भरपेट जेवला.

त्या साली नथूचं भात खरंच थोडं पोचट निघालं. ते तो वर्षभर बोलून दाखवत होता, देवळाकडे, दुकानात, बांधावर, जिथे हरेश भेटेल तिथे. "माजं ऐकलं असतं तर!" तो म्हणायचा. आणि हरेश म्हणायचा, "आनि आमचं चिखलात गेलं असतं ते?" मग दोघंही तिथल्या तिथे पुन्हा पहिल्यापासून भांडायचे. पुढच्या साली सभा दोनदा इतकी लांबली की उघाडी उशिरा उघडली आणि थोडं नुकसान झालं. काही जण म्हणायला लागले की नथूदादाच बरे होते. तेव्हा नथू खांबाला टेकून बसलेला असायचा, तंबाखू मळत. तो फक्त एवढंच म्हणायचा, "मी नाय. बोला पुढं." पण तो पूर्वीसारखा गप्प बसायचा नाही. आपली पाळी आली की उठायचा, हात हलवून बोलायचा, निम्म्या वेळा हरायचा. घरी परतताना बायजा बरोबर असायची, आणि सभेत राहून गेलेलं भांडण ती दोघं वाटेने पुरं करायची.